पत्रा ठोकायला अमेरिकेला

रॉयल ओक, मिशिगन
रविवार, ऑक्टोबर

ती. आप्पा आणि सौ. आई यांना,
साष्टांग नमस्कार.

आधी खुशाली. तब्येत उत्तम आहे, नोकरी जागेवर आहे, थंडी अजून यायची आहे. वजन कमी झालेलं नाही. ताईने फोटो मोठा करून माझे गाल दाखवले म्हणे, पण तो उजेड खालून पडला होता. जेवणाखाणाचं नेहमीचंच, ते तुम्हाला पाठ आहे. भडंग संपत आलंय, पण घाई नाही.

हे सगळं फोनवर होत नाही. आप्पा "बरा आहेस न्हवं? मग ठेव" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई दुसऱ्या वाक्याला मुलींच्या फोटोंवर येते. म्हणून लिहायला बसलो. ताईला पाठवतोय, ती सांगलीत कॉलेज कॉर्नरला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल.

मी घेतलेल्या जुन्या गाडीचा फोटो ग्रुपवर गेल्यापासून घरात काय चाललंय ते कळलं. मामाने विचारलं, भंगारवाल्याने याला पैसे दिले की याने भंगारवाल्याला? आत्याने दृष्ट काढायला सांगितली, गाडीची की माझी ते नाही कळलं. आप्पा ग्रुपवर काहीच बोलले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाले, "एवढं शिकवलं ते पत्रा ठोकायला होय रे?" तेव्हा फोन आईकडे गेला. उत्तर आता देतो, सावकाश.

गाडी चोरीची नाही, अपघाताची नाही, पुरातली तर नाहीच. कागद माझ्या नावावर आहेत. किंमत आपल्याकडे नवी बुलेट येते तेवढी, आणि ती एकरकमी दिली, कर्ज नाही. तिच्यात इंजिन नाही, त्यामुळे "जोरात चालवू नको" ही आईची काळजी तूर्त निकालात. घरमालकाला विचारून गाडी त्याच्याच गॅरेजात ठेवली आहे. सुटी केलेली गाडी दारासमोर दिसली तर इथली नगरपालिका नोटीस लावते, म्हणून शटर बंद ठेवून काम करतो. शेजाऱ्यांना त्रास नाही. रात्री नऊनंतर ठोकाठोकी नाही.

गाडी १९६८ सालची, पॉन्टियाक लेमान्स. आप्पा तेव्हा बिगरीत असतील. दोन दारांची, पण लांबीला जवळजवळ सतरा फूट. दीड मारुती ८०० सहज झाली. ही जात कशी निघाली ते मामासाठी सांगतो. १९६४ साली पॉन्टियाकच्या लोकांनी एक उद्योग केला. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा वरून हुकूम होता. तिथले चीफ इंजिनिअर जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सोबत्यांनी मोठ्या गाडीचं ३८९ घनइंचांचं इंजिन टेंपेस्ट नावाच्या मधल्या गाडीत बसवलं आणि नवी गाडी काढली असं न म्हणता 'जादा सामान' म्हणून यादीत टाकलं. नाव दिलं जीटीओ. ते इंजिन ६.४ लिटरचं, म्हणजे मारुतीची आठ इंजिनं एकीत. तरण्या पोरांनी उड्या टाकल्या, हुकूम देणारे गप्प बसले आणि बाकीच्या कंपन्यांनीही तसल्याच गाड्या काढल्या. त्यांना मसल कार म्हणतात. १९७० नंतर विम्याचे हप्ते, धुराचे कायदे आणि १९७३ ची तेलटंचाई यांनी सगळा खेळ आटोपला.

माझी जीटीओ नाही, हेही सांगून टाकतो. १९६८ च्या गाडीचा चासी नंबर २४२ ने सुरू झाला तर ती अस्सल जीटीओ. माझा २३७ ने सुरू होतो, म्हणजे लेमान्स. दारं, छप्पर जवळजवळ तेच, बॉनेट, पुढचा बंपर आणि इंजिन वेगळं. बरेच जण लेमान्सला जीटीओचे बिल्ले लावून फिरतात, काही विकतातही. बिल्ले टपालाने मिळतात. मी मागवणार नाही. आपल्या गॅरेजात मीटर मागे फिरवून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आप्पा चहा पाजून परत पाठवायचे, ते मी बघितलेलं आहे.

आता पुढचं आप्पांसाठी. आई, तू हे सोडून थेट पुढच्या मिठाच्या गोष्टीवर ये.

चुंबक फडक्यात गुंडाळून सगळ्या अंगावरून फिरवलं. छप्पर आणि दारं ठीक. मागच्या चाकांच्या कमानींवर चुंबक धरेचना. तिथे पत्राच नव्हता, नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, बोटभर जाड. खरवडली तर आत कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणि जाळीमागे वर्तमानपत्राचे बोळे. डिकीच्या तळाला कुणीतरी रस्त्यावरची पाटी कापून रिव्हेटने ठोकली होती. उलटून पाहिली तर 'नो पार्किंग' मधलं 'नो' तेवढं शिल्लक. अमेरिकेत आल्यापासून मला एवढं घरच्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा चाळण झालाय. दाराखालच्या पेट्या बाहेरून शाबूत दिसतात, स्क्रू ड्रायव्हर टोचला की आत जातो. चासी वेगळी आहे, बॉडी तिच्यावर रबरावर बसते, आणि चासी ठणठणीत निघाली, हे नशीब. ही गाडी बिनखांबाची, म्हणजे दोन काचांच्या मध्ये काही नाही. म्हणून तळ कापायच्या आधी दाराच्या चौकटीत चौकोनी नळीचे आडवे-तिरपे टेकू जोडून घेतले. नाहीतर तळ काढला की चौकट बसते आणि मग दार जन्मभर उचलून लावावं लागतं. इथल्या पुस्तकात ही गोष्ट ठळक चौकटीत छापली आहे. मला ती शाळेत असतानाच ठाऊक होती, कारण एका ॲम्बेसेडरचा तळ काढताना तुम्ही दारात सागाचा वासा ठोकून बसवला होता आणि मी त्यावर बसून वडापाव खाल्ला म्हणून ओरडला होता.

नवा पत्रा वीस गेजचा, एक मिलिमीटरला थोडा कमी. साठ वर्षं होत आलेल्या गाडीच्या कमानी आज नव्याने छापून विकत मिळतात, या देशाची कमाल आहे. बसवायला गेलं की कुठेच बसत नाहीत, ते मात्र आपल्या शंभर फुटी रोडवरच्या गॅरेजांसारखंच. मिग वेल्डिंग मशीन आहे, ०.६ ची तार, आर्गॉन आणि सीओटूचा मिश्र गॅस. एक टाका इथे, दुसरा वीतभर पलीकडे, मग मध्ये. हात टेकवता येईल इतकं गार झाल्याशिवाय तिसरा नाही. सलग ओढायचा मोह होतो, पण पत्रा लगेच लाटा घेतो. तुम्ही हे गॅसवर करायचात, पितळी कांडीने, आणि तरी तुमचा पत्रा सरळ राहायचा. कसा, ते मला आता विचारावंसं वाटतं.

छप्पर आणि मागचं पॅनेल जिथे जुळतं तिथे कारखान्यातूनच शिसं भरलेलं आहे. लांबी यायच्या आधीची रीत. शिसं-कथलाची कांडी मऊ करायची आणि लाकडी पट्टीने लिंपायची. ते ग्राइंडरने उडवायचं नाही, शिशाची धूळ वाईट. मी हाताने कानशीने काढतो आणि त्या दिवशीचे कपडे वेगळे धुतो. आई, वाचलंस ना? वेगळे धुतो.

आणि एक अडलंय. मागच्या काचेखाली पत्रा टकटुक करतो. दाबला की आत, सोडला की बाहेर. ताणला गेलाय. तुम्ही गॅसने रुपयाएवढा ठिपका लाल करायचात, भोवतीने हातोडी फिरवायचात आणि ओला फडका दाबायचात, एवढं डोळ्यांसमोर आहे. पण किती लाल? मार आधी कडेने की मधोमध? खाली डॉलीचा ठोकळा धरायचा की मोकळं? फडका लगेच की रंग उतरल्यावर? इथल्या व्हिडिओंत दहा जण दहा गोष्टी सांगतात. ताईला सांगून व्हिडिओ कॉल लावा. तुम्ही बोलू नका, नुसतं हाताने दाखवा.

आई, आता तुझा प्रश्न. "एवढ्या श्रीमंत देशातली गाडी, तिला एवढा गंज कसा?" त्याचं उत्तर मीठ.

इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. चिमूटभर नव्हे, ट्रकच्या ट्रक. रात्री बर्फ पडायला लागलं की पिवळे दिवे लावलेले ट्रक निघतात, पुढे बर्फ ढकलायला फाळ आणि मागे फिरती चकती. त्या चकतीतून जाडं मीठ रस्ताभर उडत जातं. सकाळी बूट काढले की कडेला पांढरी रेघ. दाराशी पोती ठेवलेली असतात, माणसं ऑफिसला जाताना पायरीवर मूठमूठ मीठ पेरतात, आपण सडा टाकतो त्या वेळी. पहिल्या हिवाळ्यात मी पाय उचलून चालायचो. सांडलेलं मीठ पुढच्या जन्मी पापण्यांनी वेचावं लागतं, हे तूच डोक्यात घातलेलं. त्या हिशेबाने मिशिगन राज्याला मोक्ष नाही.

कारण साधं आहे, पण मला पटायला दोन हिवाळे गेले. साधं पाणी शून्य अंशाला गोठतं. मिठाचं पाणी त्याहून खाली गेल्याशिवाय गोठत नाही. भरपूर मीठ असेल तर उणे एकवीसपर्यंत तग धरतं, रस्त्यावर प्रत्यक्षात उणे नऊ-दहापर्यंतच त्याचा उपयोग. त्याखाली पारा गेला की दुसरे क्षार मिसळतात. आणि ऐक, काही ठिकाणी बीटची मळी मिसळतात. या राज्यात ऊस नाही, साखरेचं बीट पिकतं, त्याचे कारखाने आहेत. मळीने मीठ रस्त्याला चिकटून राहतं आणि गोठणं आणखी लांबतं. आपल्याकडे मळीचं काय करायचं यावर कारखान्याच्या सभेत भांडणं होतात, इथे रस्त्यावर शिंपडतात. मामाला सांग.

मीठ आणतात कुठून, तर पायाखालून. डेट्रॉइट शहराच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, १९१० च्या सुमारास सुरू झालेली. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तो आटला आणि मीठ राहिलं. खाली रुंद रस्ते आहेत, त्यावर ट्रक फिरतात. ट्रक विहिरीसारख्या भोकातून सबंध जात नाही, म्हणून सुटा करून खाली सोडतात आणि खाली जोडतात. म्हणजे बघ, खाली मीठ, वर गाड्यांचे कारखाने, आणि खालचं मीठ काढून वरच्या गाड्यांवर. इथल्या माणसाला विचारलं की हे काय, तर तो म्हणतो, "मग घसरायचं का?" त्यावर बोलता येत नाही.

तर ते खारं पाणी चाकाबरोबर कमानीत उडतं, तिथल्या चिखलात बसतं आणि दाराखालच्या पेटीत उतरतं. त्या पेटीला पाणी निघायला भोकं असतात, ती चिखलाने बुजली की आतून कुजायला सुरुवात. मीठ असल्यामुळे गंज कितीतरी लवकर चढतो. म्हणून जुनी गाडी जपणारा माणूस नोव्हेंबर ते एप्रिल ती बाहेर काढतच नाही. बॅटरी काढून घरात घेतो, खाली पत्र्यावर तेल मारतो, वर चादर घालतो. थंडी सरली तरी लगेच काढत नाही. वळवासारखी एक जोराची सर येऊन रस्ते धुऊन जाईपर्यंत थांबतो. पोरगी सासरी पाठवताना एवढं बघत नसतील. मीठ पुरलं, पुढे जातो.

आई, ज्या शेजाऱ्यांची तुला शंका आहे, "हा म्हातारा तुला नादी लावतोय", ते पंच्याहत्तरीचे आहेत, दारू पीत नाहीत, गुडघे गेलेत. पॉन्टियाक हे इथून जवळच एक गाव आहे, तिथल्या कारखान्यात त्यांची नोकरी झाली. ओडावा या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या सरदाराचं नाव गावाला, गावाचं नाव गाडीला. २०१० मध्ये कंपनीने ते नावच बंद केलं. त्यांची पेन्शन चालू आहे, पण राग गेलेला नाही. माझ्या गाडीच्या उंबऱ्यावर 'बॉडी बाय फिशर' अशी, बॉडी बनवणाऱ्यांच्या नावाची पट्टी आहे, ती त्यांनी अंगठ्याने घासून पुसली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. ऑगस्टमध्ये ते मला वुडवर्ड अव्हेन्यूवर घेऊन गेले. १९९५ पासून दरवर्षी तिथे जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, मैलोन्‌मैल रांग, आणि माणसं कडेला घडीच्या खुर्च्या टाकून दिवसभर बसतात. बेंदराला बैलं रंगवून काढतात तसंच, फक्त इथे बैल पेट्रोल पितो. चार-पाच किलोमीटरला लिटरभर.

त्यांना मी आप्पांचा तो व्हिडिओ दाखवला, ताईच्या लग्नाच्या आधीचा, ज्यात तुम्ही मारुती व्हॅनचा दरवाजा रुळाच्या तुकड्यावर सरळ करताय. त्यांनी तीनदा मागे नेऊन बघितला. मग विचारलं, हा माणूस तासाला किती घेतो? जुन्या गाड्यांच्या चांगल्या दुकानात इथे तासाला शंभर डॉलरच्या आगेमागे लावतात, आणि तरी सहा-सहा महिने नंबर लागत नाही, कारण हाताने पत्रा सरळ करणारे उरले नाहीत, सगळे पॅनेल बदलणारे. मी त्यांना तुमचा दर सांगितला नाही. सबंध दरवाजाचे तुम्ही काय घ्यायचात आणि त्यातही गिऱ्हाईक पन्नास कसे कापायचं, ते इंग्रजीत सांगण्यासारखं नाही.

आता तुम्ही न विचारलेल्या काळजीचं उत्तर. डोळ्यांना हेल्मेट आहे, काच आपोआप काळी होते. घासताना दोन डब्यांचा मास्क असतो. रंग काढायचं ते जालीम औषध मी वापरत नाही. त्यातल्या मेथिलीन क्लोराइडने इथे माणसं गेली, आणि २०१९ पासून ते साध्या गिऱ्हाइकाला विकायला बंदी आहे. चकती लावून कोरडाच काढतो. बारीक भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरीच्या चार्जरला जोडतो, रात्रभरात गंज सुटतो. पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. पंधरा अंशांच्या खाली तो नीट धरत नाही, म्हणून सध्या घाई चालली आहे. वरचा रंग घरी मारणार नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडतो आणि एकदा जडला की नुसत्या वासानेही उठतो. साध्या मास्कने तो अडत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. रुमालाने तर काहीच अडत नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर आप्पा मोरीत नाक शिंकरायचे आणि पाण्यात रंग उतरायचा. मी आणि ताई त्यावरून ओळखायचो, आज पांढरी होती की निळी. खेळ होता आमचा तो.

ताई म्हणते रात्रीचा खोकला वाढलाय आणि तुम्ही त्याला हवापालट म्हणता. आप्पा, मिरजेला जा, छातीच्या डॉक्टरकडे, आणि त्यांना कामाचं नीट सांगा: किती वर्षं, काय फवारत होता, तोंडाला काय बांधत होता. "साधा खोकला" एवढंच सांगून औषध आणू नका. फीचे पैसे मी वेगळे टाकलेत, ते घराच्या खर्चात धरू नका.

पत्र्याच्या पेटीचं विचारायचं राहिलं. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकांच्या गाड्या विश्रामबागला नेऊन लावल्या आणि स्वतःची हत्यारं खालीच राहिली. मी इथे मोबाईलवर शामरावनगरातल्या होड्या बघत होतो, त्यात आपली गल्ली शोधत होतो. नंतर तुम्ही सगळ्या हातोड्या रॉकेलमध्ये बुडवून घासल्या, असं आई म्हणाली. त्यानंतर वर्षभरात गॅरेज बंद झालं. आपण त्यावर कधी बोललो नाही, आणि आताही पत्रात बोलायचं नाही. फक्त ती पेटी मोडीत घालू नका. आत्याचा विकास डिसेंबरात इकडे येतोय, त्याच्याजवळ ती पसरट तोंडाची हातोडी आणि रुळाच्या तुकड्याची डॉली द्या. वजन होतंय म्हणून कुरकुर करेल. त्याच्या बॅगेतून दोन किलो लाडू कमी करा.

आता पैशाचं. तीन लाख पाठवले आहेत. चार म्हणालो होतो, उरलेला एक जानेवारीत. हा फरक गाडीमुळे पडलेला नाही. भाडं वाढलं आणि विम्याचा हप्ता एकदम गेला. गाडीवर महिन्याला जे जातं तेवढं इथली माणसं बाहेर कॉफी पिण्यात घालवतात आणि मी घरी चहा करतो. आधी जोतं वर घ्या. गिलावा, रंग, वरची खोली, सगळं मागाहून. पाणी परत आलं तर टाइल्स कोणत्या होत्या हे कुणी विचारणार नाही. नव्या जोत्याचे फोटो ग्रुपवर टाकू नका, मामा त्यातही चूक काढेल.

दिवाळीला येणं होत नाही. व्हिसाचा नवा शिक्का मुंबईच्या वकिलातीतून घ्यावा लागतो, तारीख वेळेत मिळाली नाही तर मी तिकडेच अडकणार, आणि सध्या कंपनीत कुणाला अडकून चालत नाही. म्हणजे काळजीचं काही नाही, माझ्या गटातून कुणालाही काढलेलं नाही. मार्चमध्ये नक्की येतो. गेल्या वर्षीच्या पत्रातही मार्च लिहिलं होतं, ते ताई काढून दाखवेल, पण तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आज्जीच्या वर्षश्राद्धाला काकांना बसू दे. मी त्या दिवशी इथे कावळा शोधेन. कावळे भरपूर आहेत, धिप्पाड आहेत.

तासगावचं स्थळ. आई, खाली बस. बायोडेटा पाहिला, आणि ताईने नंबर दिला होता, तर आम्ही बोललोही आहोत. आत्याला एवढ्यात फोन लावू नकोस. मुलगी सरळ बोलते. पुण्यात चांगली नोकरी आहे, परदेशात यायलाच हवं असं तिचं काही नाही, हे तिने पहिल्यांदाच सांगून टाकलं आणि मला ते आवडलं. तिने गाडीचं विचारलं, "चालते का?" मी म्हटलं, नाही. "मग कशासाठी?" त्यावर मी बरंच बोललो. तिने ऐकून घेतलं. मार्चपर्यंत तिच्या घरच्यांना शब्द देऊ नका आणि नकारही कळवू नका. दुसरी स्थळं बघणं मात्र थांबवा. एवढ्यावरून काय समजायचं ते समज.

एक दुरुस्ती लगेच करा. आपल्या बायोडेटात वडिलांच्या पुढे ताईने 'ऑटोमोबाईल व्यवसाय' असं टाकलंय. तिथे डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज, शंभर फुटी रोड, असं स्वच्छ लिहा. मी तिला सांगितलं आहे. शिवाय तिच्या काकांची फियाट तुमच्याकडे येऊन गेलेली निघाली. त्यांना तुम्ही आठवता, आणि त्यांचे दोनशे रुपये द्यायचे राहिले होते म्हणे, तेही आठवतात. सोयरीक होईपर्यंत मागू नका.

ताईला, भाऊजींना आशीर्वादाचं तुम्हीच सांगा, पिंट्याला माझा गालगुच्चा. आई, गुडघ्याचं तेल लावतेस का? मी विचारत नाही म्हणून तू सांगत नाहीस असं नको.

तुमचा,
सुनील

ता. क. पैसे मंगळवारपर्यंत जमा होतील. या वेळी आईच्या खात्यात टाकलेत. आप्पा गवंड्याला आगाऊ उचल देतात आणि मग तो ऊसतोड संपेपर्यंत दिसत नाही.